मुक्याभाऊंचा लॅपटॉप

नाही हो दादा, हा दिवेवाला नको — केवढे ते दिवे, लाल काय, जांभळे काय, जत्रेतला पाळणा फिरतोय जणू डोळ्यांपुढे! बंद करता येतात? येत असतील, पण बंदच करायचे तर त्यांचे पैसे कशाला द्यायचे मी? फुकट आहेत म्हणता? छे, फुकट काही नसतं, दिव्यांचे पैसे कुठेतरी लागतातच. मला बजावूनच ठेवलंय तसं — दिव्यांना भुलायचं नाही. कोणी म्हणजे? आहे एक जाणकार माणूस. तुम्ही तो पलीकडचा दाखवा, तो काळा, जाडजूड, ज्याच्यापुढे कोणी उभं नाहीये तो. हां, हाच. उचलून बघू? बाई गं — शिवणयंत्राएवढा जड आहे की हो! पण वजनाकडे बघायचं नाही, असंही सांगितलंय. जड आहे म्हणजे आत मोठे पंखे आहेत, पंखे मोठे म्हणजे तापणार नाही, तापला नाही म्हणजे खेळ अडकणार नाही. बरोबर ना? बघा, बरोबर निघालं. आणि पैसे कमी असतील तर ते ग्राफिक्स कार्डावर घालायचे, बाकी सगळीकडे हात आखडता घ्यायचा — रॅम मागाहून वाढवता येते, जागा मागाहून वाढवता येते, पण कार्ड एकदा बसलं की बसलं, ते काही बदलता येत नाही. लग्नासारखं. हे लग्नाचं मी म्हणतेय, ते तिनं नाही सांगितलं.

कोणासाठी म्हणजे — भाच्यासाठी. बहिणीचा मुलगा. कितवीत आहे... कॉलेजात आहे हो, कॉलेजात. कुठला खेळ खेळतो? तो आपला तो, बेटावरचा, विमानातून उड्या मारतात आणि घरंबिरं शोधतात, चौघाचौघांची टोळी असते. हो, तोच. त्याला नेमबाजीसाठी हवा की... नाही नाही, नेमबाजी नाही जमत त्याला, हात थरथरतो. तो पट्ट्या बांधतो. म्हणजे बाकीच्यांना लागलं ना, की हा धावत जातो नि औषधपाणी करतो, आणि कोण कुठे आहे ते नकाशावर दाखवत राहतो — तू डावीकडे बघ, तुझ्यामागे झाडाआड कोणीतरी आहे, तसं. रोज संध्याकाळी बसतो, घरातलं सगळं आवरून झालं, भांडी पालथी घातली, की... काय झालं? असं का हसलात? भाचा भांडी पालथी घालतो म्हणून? घालतो. आमच्याकडे घालतात मुलगे. बरं, बरं, कशाला लपवू — चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. भाचा नाही कोणी. बहीणच नाही मला. मी खेळते.

हसा, हसा, मला काही वाटत नाही. आमचे हेही हसतात. पण तुम्ही मला त्या खेळात बघा आणि मग हसा. माझ्या टोळीतला एकही माणूस मी रक्त गळत पडू दिलेला नाही, विचारा कोणालाही — मुक्याभाऊ आहेत का जोडीला, मग काळजी नाही, असं म्हणतात माझ्याबद्दल. मुक्याभाऊ म्हणजे मीच. मी माइक लावत नाही ना, बोलत नाही, सगळं टाइप करते, म्हणून मुक्या, आणि वयानं जरा मोठा वाटतो म्हणून भाऊ. त्यांनी आपले आपणच पुरुष धरलं मला, मीही धरू दिलं. आलो, गेलो, जेवलो असंच लिहिते आता. सवय होते हो. परवा यांना म्हणाले, "मी जरा बाजारात जाऊन येतो," तर हे चष्म्यावरून बघतच राहिले.

का नाही बोलत? तुम्ही म्हणता ते खरं, आजकाल सगळ्यांत माइक असतो, आवाज स्वच्छ जातो. तीच तर पंचाईत आहे. माझा आवाज ऐकलात ना तुम्ही आत्ता? कसा आहे? ओळखीचा वाटतो ना, कुठेतरी ऐकल्यासारखा? अहो, मी टेलिफोन ऑपरेटर होते, मोठ्या इस्पितळात, निवृत्त होईपर्यंत. या शहरात ज्यांच्या घरी कोणी आजारी पडलं असेल त्यांनी माझा आवाज ऐकलाय. भाजीवाली सुद्धा मला म्हणायची, "बाई, तुम्ही त्या 'लाइनवर राहा'वाल्या ना?" माझा चेहरा कोणाला ठाऊक नव्हता, नाव तर नाहीच नाही, कारण ऑपरेटरनं नाव सांगायचं नसतं — तसा नियमच होता — पण आवाज! लाखात ओळखू येईल. आणि आमचा दुसरा एक नियम होता, की लाइन जोडली की आपल्या कानावरचा हेडफोन काढून ठेवायचा. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही. कोणी रडत असेल, कोणी भांडत असेल, कोणाला पहिली बातमी मिळत असेल, ते त्यांचं त्यांना. जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. सगळ्या नोकरीत मी एकदाही कान दिला नाही, शपथेवर सांगते. आणि आता बघा. रोज संध्याकाळी कानाला लावून बसते.

ते जाऊ द्या. हा काळा केवढ्याला? — हं. — नाही, कमी करून सांगा, हा जो पुठ्ठ्यावर छापलाय तो आकडा मी वाचला, मला वाचता येतं. कमी करूनच हा? अहो, मग हा माझ्या आवाक्यात नाही. आणि जो आवाक्यात आहे, तो तिकडचा पातळ, नाजूक, त्यात कार्डच नाही. म्हणजे बघा, अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण इथे अंथरूणच रुमालाएवढं आहे, पाय कापून ठेवू का? हप्ते नकोत हो. हप्त्यांना पत्त्याचा कागद लागतो, सही लागते, घरी फोन येतो. नको. घरी फोन नको. जुना आहे ना माझ्याकडे, पण तो आता उपयोगाचा नाही. पुढच्या महिन्यापासून तो खेळ नवा होणार आहे, सगळं बेटच बदलणार आहे म्हणे, पाणी खरंखुरं दिसणार, गवत हलणार, आणि माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर ते उघडणारच नाही. मला गवत हललेलं नकोय! मला काय करायचंय गवताशी? पण माझं कोण ऐकतंय. गवत हललं नाही तर मी टोळीतून बाहेर. चौथी जागा रिकामी राहत नसते दादा, दोन दिवसांत भरते. कोणीतरी दुसरा मुक्याभाऊ येईल, बोलका.

वेड लागलंय म्हातारीला, असं वाटत असेल तुम्हाला, खेळापायी एवढा आटापिटा करतेय. खेळाचं काही नाही हो. खेळ गेला खड्ड्यात. माझ्या टोळीत एक मुलगी आहे. बाकीचे दोघं आहेत ते असेच, चांगले आहेत, पण ही जी मुलगी आहे ना, तिचं तिथलं नाव मांजरपाट. खरंच! हसू आलं ना? पोरीला लहानपणापासून असले शब्द आवडायचे. मांजरपाट, खुळखुळा, अडगुलं... म्हणजे — आवडत असणार, असं म्हणतेय मी. मला काय ठाऊक. तिनंच मला लॅपटॉपचं सगळं सांगितलं, कार्ड आणि पंखे आणि दिव्यांना भुलू नका. मी विचारलं होतं, की पैसे बेताचे आहेत, कुठला घेऊ. तर खेळ बाजूला ठेवून ती बोलत बसली, दादा. कितीतरी वेळ बोलली. हे बघा भाऊ, असं करा, तसं करा, दुकानदार तुम्हाला पातळ मॉडेल गळ्यात मारतील, घेऊ नका. राग मानू नका, ती म्हणाली तसं सांगतेय. चार्जर विटेएवढा असेल तर घाबरू नका. वॉरंटीचा कागद जपून ठेवा. एवढं लांबलचक, एवढं मायेनं ती माझ्याशी... किती वर्षांत बोलली नव्हती.

हो. माझी मुलगी आहे. तुम्ही ओळखलंतच. माझ्या पोटात काही राहत नाही बघा — नोकरीत कोणाचा फोन कोणाला गेला ते सगळं पोटात ठेवलं, आणि स्वतःचं म्हटलं की असं.

नाही, तिला माहीत नाही. कसं माहीत असेल? ती बोलत नाही ना माझ्याशी. फोन उचलत नाही, राहते याच शहरात, कुठल्या भागात ते ठाऊक नाही मला. झालं काय, की तिचे वडील गेले. तेव्हा आम्ही दोघी एकमेकींना धरून होतो, चांगलं होतं सगळं. मग काही वर्षांनी मी — आता तुम्हाला काय सांगू, तुम्ही माझ्या मुलाच्या वयाचे — मी दुसरं लग्न केलं. या वयात. हे घड्याळं दुरुस्त करतात, इस्पितळाच्या समोरच त्यांची टपरी होती, विधुर, कोणाच्या अध्यात ना मध्यात. डब्यातलं अर्धं माझ्याकडे सरकवायचे. इतकंच. तिला मी सांगितलं, तर ती म्हणाली, "बाबांच्या खुर्चीत तो बसला, की मला आई नाही." मी म्हटलं, अगं, खुर्ची तिथेच ठेवून जाते मी, मीच त्यांच्या घरी जातेय राहायला. पण ती काही खुर्चीची गोष्ट नव्हती. गेली निघून. आता मी चुकले का? रोज विचारते स्वतःला, आणि रोज उत्तर येतं, नाही चुकले. मग ती चुकली का? तर तीही नाही चुकली हो! बाप होता तिचा. कोणीतरी चुकलं असतं तर सोपं होतं, एकानं माफी मागितली असती, दुसऱ्यानं दिली असती, जेवायला बसलो असतो. इथे माफी मागायला जागाच नाही. मागू कशाची?

तिचा जुना कॉम्प्युटर माझ्याकडे राहिला. फोटो बघायला म्हणून मी तो शेजारच्या बाईंकडून चालू करून घेतला — शाळेत कॉम्प्युटर शिकवतात त्या — तर त्यात हा खेळ होता, आणि नावाच्या रकान्यात आपोआप आलं, मांजरपाट. मी म्हटलं, बाई, मला हा खेळ शिकवा. त्यांना वाटलं, विरंगुळा. मला एक वेगळं नाव काढून दिलं त्यांनी. कितीतरी दिवस मी त्या बेटावर उडी मारायची आणि मरायची, उडी मारायची आणि मरायची. ती कुठेतरी असेल या आशेवर. आणि मग एक दिवस समोर नाव आलं आणि कानात आवाज आला, "ए, तुम्हाला लागलंय का? थांबा, मी आले." तिनंच पहिल्यांदा माझी पट्टी बांधली, दादा. तिला वाटलं, कोणी नवखा भाऊ आहे.

तेव्हापासून हे असं. मला सगळं कळतं तिचं. नोकरी बदलली ते कळलं. दाढ काढली म्हणून एक दिवस बोबडं बोलत होती, ते कळलं. एकदा खेळता खेळता म्हणाली, "थांबा, माझा भात लागला बहुतेक," आणि माइक चालूच ठेवून धावली, तर मला तिच्या स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येत होतं, झाकण पडलेलं, नळ सोडलेला. आणि मी इकडे पडद्यासमोर बसून म्हणतेय, अगं, तांदळावर दोन बोटं पाणी घाल, गॅस बारीक कर, कितीदा सांगितलंय! मोठ्यानं म्हणतेय. माझ्या खोलीत. तिला काय ऐकू जाणार? तिकडे नुसतं दिसतंय, मुक्याभाऊ ऑनलाइन. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय माझं. बोलले, तर ती उठून जाईल, खेळातूनही जाईल. मग आवाजही गेला. निदान आवाज तरी आहे ना आता? तुम्ही सांगा, तुम्ही काय केलं असतंत?

आणि त्यात हे नवं. परवा ती म्हणते, "भाऊ, तुम्ही दुकानातून कशाला घेताय, तुमच्या पैशांत दुकानात काही मिळायचं नाही. मी नवा घेतलाय, माझा आधीचा तुम्हाला देते. चांगला आहे, कार्ड चांगलं आहे, पंखे मी स्वतः साफ केलेत. जमतील तेवढे पैसे द्या. फक्त पत्ता सांगा." फक्त पत्ता! काखेत कळसा आणि गावाला वळसा — माझ्याच मुलीचा लॅपटॉप, माझ्याच मुलीच्या हातचा, जवळजवळ फुकट, आणि मला घेता येत नाही. पत्ता कुठला देऊ? दारावर यांची पाटी आहे. ज्या नावापायी ती घर सोडून गेली तेच नाव पार्सलवर लिहायला लावू तिला? मी टाळलं. म्हटलं, नको, कशाला त्रास. तर ती म्हणाली, "विश्वास नाही का भाऊ माझ्यावर?" काय लिहिणार सांगा यावर?

आधी काही झालं होतं का? म्हणजे कशाच्या आधी? नाही, विशेष काही नाही. आदल्या दिवशी खेळत होतो नेहमीसारखं. मधेच दूध उतू जायला लागलं माझं, तर मी घाईघाईत टाइप केलं, लाइनवर राहा, आणि पळाले. परत आले तर ती गप्प. बाकीचे दोघं बोलतायत, ही गप्प. मला वाटलं, नेट गेलं तिचं. मग बऱ्याच वेळानं म्हणाली, "बरं. आहे लाइनवर." एवढंच. आवाज जरा बसल्यासारखा वाटला, सर्दी असेल. असं का बघताय माझ्याकडे? अहो, कोणीही म्हणतं लाइनवर राहा! नाही म्हणत कोणी? होल्ड करा म्हणतात? मी आपली जुन्या वळणाची, मला तेच येतं तोंडात. घरी सुद्धा तेच, स्वयंपाक करताना ही लहान होती तेव्हा पदर ओढायची, काहीतरी दाखवायचं असायचं तिला, तेव्हाही मी... लाइनवर राहा बाळ, असंच म्हणायचे मी. आणि ती तिथेच उभी राहायची, पदर धरून, मोठ्यानं म्हणायची, आहे मी लाइनवर, आहे मी लाइनवर...

नाही. नाही हो, ते तसं नाही. तिला कळलं असतं तर ती गेली असती, मी ओळखते ना तिला, बापावर गेलीय, तडक उठून गेली असती. लॅपटॉप कशाला देऊ केला असता? तुमचं आपलं काहीतरीच. ती मुळातच तशी आहे, सगळ्यांचं करते. आज सकाळी सुद्धा मेसेज पाठवलाय — त्या खेळाचे मेसेज मोबाइलवर येतात — की भाऊ, तिथे दुकानात एसी फार असतो, येताना अंगावर काहीतरी घ्या, तुमची छाती भरते. आता बघा, परक्या माणसाची केवढी ती काळजी! मी कधीतरी लिहिलं असेल छातीचं. लिहिलंच असणार. त्याशिवाय तिला कसं... लिहिलं असेल मी.

हो, इथेच. याच दुकानात. तेच तुम्हाला कधीपासून सांगायचा धीर करतेय, आणि तुम्ही एकावर एक लॅपटॉप उघडून दाखवताय, मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय. मला काही घ्यायचं नाहीये दादा. मी तुमच्या दुकानाचा पत्ता देऊन बसलेय तिला. रागावू नका. काल मी बाहेरून काचेतून बघून गेले, तुम्ही काउंटरवर होतात, एका आजोबांचा फोन नीट करून देत होतात, न चिडता. म्हटलं, हा माणूस नाही म्हणायचा नाही. मी लिहून टाकलं, तिथे एक दाढीवाले दादा आहेत, माझ्या ओळखीचे आहेत, त्यांच्याकडे ठेवा, मी मागाहून घेऊन जाईन. आज तुम्ही दाढी करून आला असतात तर मी काय करणार होते देव जाणे. तिला म्हटलं, कुरियरनं पाठवा. तर म्हणते, कुरियरवाले आपटतात, मी स्वतः आणून देते, ऑफिस सुटल्यावर. आणि तुम्ही थांबा तिथे भाऊ, म्हणाली. चालू करून दाखवते तुम्हाला. मी लिहिलं, मला जमणार नाही, काम आहे. तिनं नुसतं लिहिलं, बघा जमलं तर.

एवढं कराल का माझ्यासाठी? ती येईल, तुम्ही म्हणायचं, मुक्याभाऊ येऊन गेले, घाईत होते, हे पैशांचं पाकीट ठेवून गेलेत तुमच्यासाठी. हे घ्या पाकीट. ठेवा ना खिशात. आणि तिला बसायला खुर्ची द्या, पाणी द्या, दिवसभर ऑफिसात डोळे फोडून आलेली असेल. दिसते कशी तेवढं मला बघायचंय. बारीक झालीय का, केस कापलेत का, इतकंच. आवाजावरून वजन नाही कळत. मी इथे या लॅपटॉपांच्या रांगेत गिऱ्हाईकासारखी उभी राहीन, पाठ करून. तुम्हाला माझी अडचण होणार नाही. तुमचं नुकसान नको म्हणून मी एक माउस घेते. पिशवी घेते लॅपटॉपची. घेते की, लागणारच आहे. ती भाऊ शोधत येणार, म्हाताऱ्या बाईकडे कोण बघतंय? कशाला म्हणताय सारखं, की तुम्हीच का नाही भेटत? भेटून सांगू काय? आवाज चोरून ऐकला तुझा, असं सांगू? इतके दिवस तू ज्या भाऊला सर्दीपडशाचं सांगत होतीस, तो मी — असं सांगू? आणि ती फिरली पाठ करून, या दारातून गेली बाहेर, तर मी घरी जाऊन काय कानाला लावून बसू? तुम्ही तरुण आहात, तुम्हाला वाटतं, बोललं की मिटतं. आयुष्यभर लोकांना बोलायला जोडून दिलं मी, मला विचारा. निम्म्या वेळा लोक फोन आपटतात.

दार वाजलं का? नाही, ते कोणी दुसरे. पुरुष आहेत दोघं. ते दिव्यांचेच बघणार, बघा... आणि त्यांच्या मागे — थांबा. ती. निळ्या पिशवीवाली. हो, तीच, केस कापलेत तिनं, अगदी बारीक केस कापलेत, बाई गं, किती वाळलीय. वळू नका तुम्ही, माझ्याकडे बघा, मला काहीतरी दाखवा, हा उघडा, काळा उघडा. कार्ड कुठलं म्हणालात यात? बोला ना. मोठ्यानं नको. काउंटरवर गेली का? तुमचा तो दुसरा माणूस विचारतोय तिला काहीतरी. नाही थांबली? पुढे आली? तुम्ही जा बरं, पाकीट आहे ना तुमच्याकडे, जा आणि सांगा, भाऊ येऊन गेले. असे उभे काय राहिलात! दादा, इथे रांगेत एवढे पुरुष उभे आहेत. एवढे भाऊ उभे आहेत. ती एकाकडेही बघत नाहीये. बायकांच्या तोंडाकडे बघत येतेय.

तुम्ही जा आता. जा म्हणतेय ना मी. जा.